बंदरावरचा तिळगूळ

आमच्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये गालिचा आहे. त्यावर रांगोळी काढायची नसते, हे नीलाकाकूंना कुणी सांगितलं नव्हतं. अमेरिकेत ईडन प्रेरीला आल्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी मुलाच्या, गिरीशच्या दारात सुबक गोपद्मं काढली आणि दुपारपर्यंत ती व्हॅक्यूममध्ये गेली. मॅनेजरबाईंची चिठ्ठी आली. गिरीश ओशाळला. काकूंनी चिठ्ठी शांतपणे वाचली आणि पुढच्या सकाळपासून ओव्हनच्या ट्रेमध्ये रांगोळी काढून तो ट्रे दाराबाहेर ठेवू लागल्या.

"दारात काहीतरी पाहिजे नं," त्या मला म्हणाल्या. "नाहीतर येणाऱ्याला वाटतं, आपण चुकून आलो."

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या नोव्हेंबरातली. काकू नागपूरच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा गिरीश इथे, म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांचं दार आमच्या समोरचं. गुरुवारी माझ्याकडे आरतीला येत, आवाज खणखणीत. आरती झाली की प्रसादाची वाटी पहिल्यांदा सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाकडे नेत. मला तेव्हा ते नुसतं लक्षात राहिलं, त्याचा अर्थ नंतर कळला.

गिरीश एका छोट्या कंपनीत होता. कंपनीचा एकच खेळ, ग्रेहार्बर. जगभरातली माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून त्या एकाच खेळात शिरत. त्यात एक बंदर, जहाजं, व्यापार, चाचे. कॉलेजात असताना गिरीश स्वतः तो वेड्यासारखा खेळायचा, मग त्याच कंपनीत लागला. बंदरावरची घंटा त्याने बनवलेली होती, हे तो अजूनही आवर्जून सांगायचा. पण खेळ आता जुना झाला होता. बाजारात झगमगीत चित्रांचे नवे खेळ आले होते. जुने खेळाडू निष्ठेने राहिले होते, पण त्यांतलेही अधूनमधून गळत. नवे येत, तासभर भटकत आणि पुन्हा फिरकत नसत. मालकाने सांगून टाकलं होतं की एप्रिलपर्यंत नवी माणसं टिकायला लागली नाहीत, तर खेळ बंद. गिरीशचा व्हिसा त्या नोकरीवर. खेळ गेला की त्यालाही सामान आवरायचं होतं.

काकूंनी हे मला मेथी निवडताना सांगितलं. मग काड्यांकडे बघत म्हणाल्या, "आसावरी, बंद पडलं तर पोरगं घरी येईल. हेच येतं गं माझ्या मनात. आणि मग देवापुढे बसवत नाही."

मी मेथीच निवडली.

गिरीशने करायचं ते सगळं केलं. पहिला महिना फुकट केला, नवा किल्ला बांधला, नवीन येणाऱ्याच्या हातात आल्याआल्या सोन्याची थैली ठेवली. लोक थैली घेत आणि दिसेनासे होत. शेवटी एका रविवारी तो आईला म्हणाला की तू कधीच खेळली नाहीस, तर तूच खेळून दाखव, म्हणजे नवा माणूस कुठे अडतो ते कळेल. नीला हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, म्हणून काकू खेळात नीलाकाकू या नावानेच उतरल्या.

कुठलं बटण सापडत नाही ते टिपायला गिरीश शेजारी बसला होता. काकू बराच वेळ बंदरावर उभ्या राहिल्या. जुने कप्तान घोड्यांवरून त्यांच्या अंगावरूनच जात होते. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"इतका वेळ उभी आहे, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"आई, तिथे पाणी प्यायचं नसतं."

"प्यायचं नसतं रे. विचारायचं असतं."

गिरीशने वहीत काही लिहिलं नाही. पण काकू दुसऱ्या दिवशी दुपारी, कुकर उतरवून, आपणहून बंदरावर जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर उणे वीस, पायी कुठे जायची सोय नाही, गिरीश ऑफिसात. मला म्हणाल्या, तेवढाच शेजार. जो नवा दिसेल त्याला त्या एका बोटाने टाइप करून विचारत. इंग्रजी त्यांना वाचता येई, पण लिहायला वेळ लागे, म्हणून सुरुवात मराठीतच, इंग्रजी अक्षरांत. ये, ये. बस.

आता गंमत अशी, की इंग्रजीत 'ये' हा 'तुम्ही'साठीचा जुन्या काळचा शब्द आहे आणि तो खेळही जुन्या काळचा. पोरांना वाटलं, या बाई काय अस्सल जुनं बोलतात. 'काकू' ही त्यांना बंदरावरची मोठी पदवी वाटली. काही दिवसांत तिथे "काकू कसं होता येतं?" असं कुणीतरी विचारलं, आणि गिरीश ऑफिसात एकटाच हसत बसला. निघताना काकू 'येते' लिहीत. एका पोराने विचारलं, येते म्हणजे काय? काकूंनी डिक्शनरी बघून उत्तर दिलं, मी येत आहे. पण तुम्ही तर निघालात, तो म्हणाला. हो, म्हणूनच, काकू म्हणाल्या. तो पोरगा दुसऱ्या दिवशी परत आला.

पण एकटी बाई किती जणांना 'ये' म्हणणार? दुपारी येणारे चारजण टिकले, रात्रीचे सगळे गेले. जानेवारीत गिरीशचं तोंड उतरलेलं असायचं. काकूंनी एकदा मला सांगितलं की तो जेवताना त्या घंटेबद्दल बोलत होता, ती बंद झाल्यावर कुठे ऐकू येणार म्हणून. "मला वाटायचं, नोकरी आहे. ते त्याचं गाव आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या. पोरगं घरी येईल, हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पुण्याहून नुकतीच आलेली रेणू बुटांच्या रॅकपाशी उभी होती. मी तिला दोनदा आत बोलावलं, सरबत दिलं, वाण दिलं. ती थँक्यू म्हणाली आणि रॅकपाशीच राहिली. काकूंनी काय केलं, तर माझ्या हातातला तिळगुळाचा डबा काढून तिच्या हातात दिला. "सगळ्यांना वाट. माझे गुडघे दुखतात." गुडघे काही दुखत नव्हते. पण रेणूला प्रत्येकीपुढे जावं लागलं, आणि हातावर तिळगूळ पडल्यावर गोड बोलावंच लागतं. कुणी तिचं माहेर विचारलं, कुणी ड्रायव्हिंगचं. निघताना रेणू माझ्या फ्रिजमध्ये उरलेलं दही ठेवत होती.

गिरीश आईला न्यायला आला होता. काकूंनी दारातच त्याला थांबवलं.

"तू नव्या माणसाला थैली देतोस, म्हणून तो पाहुणा राहतो. त्याच्या हातात डबा दे. त्याला वाटू दे."

गिरीशने बुटाची नाडी अर्धवट सोडली आणि माझ्याकडे कागद-पेन मागितलं.

त्याने थैली काढून टाकली. नव्या माणसाच्या हातात आता तिळाच्या वड्यांची टोपली येऊ लागली. ती स्वतः खायची नाही, जुन्यांना द्यायची. उत्तरेच्या समुद्रात थंडीने जहाजं गोठत, आणि वडी खाल्लेल्या कप्तानाचं जहाज तेवढं गोठत नसे. वडी बाजारात मिळत नव्हती, फक्त नव्याच्याच हातून मिळायची. म्हणजे मोठमोठ्या कप्तानांनाच बंदरावर यावं लागे.

जुने चिडले. ब्लॅकथॉर्न नावाचा एक कप्तान होता, प्रत्यक्षात डलूथ गावचा निवृत्त शिक्षक, पहिल्या वर्षापासून खेळणारा. त्याने जाहीर केलं की आपण शेंबड्या पोरांपुढे हात पसरणार नाही. आठवडाभर त्याचं जहाज उत्तरेत गोठून राहिलं. मग तो आलाच. काकूंनी त्याला 'ये, बस' म्हटलं आणि एका नव्या मुलीला पुढे केलं. वडी घेऊन तो निघाला, थांबला आणि त्या मुलीला म्हणाला की शीड असं नसतं बांधायचं. तिला घेऊनच तो उत्तरेला गेला. पुढे तोच रात्रीच्या वेळी बंदरावर उभा राहून नव्यांना 'ये, ये' म्हणू लागला.

मार्चमध्ये नवे टिकू लागले. झुंबड नव्हती, पण आलेला दुसऱ्या दिवशी परत दिसे. एप्रिलच्या शेवटी मालकाने खेळ आणखी एक वर्ष चालवायचं ठरवलं आणि गिरीशच्या व्हिसाचे कागद पुढे पाठवले. मी देवापुढे साखर ठेवली. काकू माझ्याकडे आल्या, साखर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "राहिला गं तो इथेच." त्या हसत होत्या. डोळे पुसत होत्या का, ते मी बघितलं नाही.

निघायच्या दिवशी त्या शेवटचं एकदा बंदरावर गेल्या आणि 'येते' लिहिलं. पडदाभर उत्तरं आली, येते, येते, येते. काकू गिरीशवर वैतागल्या.

"अरे, मुलग्यांना सांग, 'येतो' म्हणायचं असतं."

"आई, तो आता त्यांचा शब्द झालाय. राहू दे."

विमानतळावर मीही गेले होते. गिरीश पाया पडला. काकू 'येते रे' म्हणाल्या आणि तो 'ये' म्हणाला.

त्या उन्हाळ्यात त्याने नागपूरला कॉम्प्युटर आणि इंटरनेट लावून दिलं. आमची संध्याकाळ ही त्यांची सकाळ. पूजा आटोपली की काकू बंदरावर येतात. गिरीश ऑफिसातून आला की तोही. पूर्वी रविवारच्या फोनवर तब्येत आणि थंडीपलीकडे बोलणं जात नसे. आता रोज संध्याकाळी मायलेकं घंटेखाली शेजारी शेजारी उभी असतात, येणाऱ्याला बसवतात, आणि मधल्या वेळात भाजी कुठली केली ते बोलतात.

ओव्हनचा ट्रे अजून गिरीशच्या दारात असतो. रांगोळी वाकडी येते. मी येता-जाता बघते, पण हात लावत नाही.