कमळ नव्हे, कोकाबेली

"मॅडम, यहाँ साइन कर दीजिए. पूरा सेंटर कैंसल." सक्सेनाजींनी अकरा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

मी झाशीच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवत असे. एका खासगी ट्रस्टच्या शाळेत गावाकडच्या मुलींसाठी हॉस्टेल होतं आणि तिथल्या जागा परीक्षा घेऊन भरत. विज्ञानाच्या पेपरची एक्झामिनर मी, आणि हेड एक्झामिनर सक्सेनाजी. पेपर मी तपासायचे, त्यावर शेवटचा शब्द त्यांचा. पण नकल, म्हणजे कॉपी, झाल्याच्या रिपोर्टवर दोघांच्या सह्या लागत.

प्रश्न साधा होता. एका फुलाचं चित्र आणि खाली, 'राष्ट्रीय पुष्प का प्रचलित नाम और एक विशेषता लिखिए.' आन्सर की म्हणजे उत्तरसूची. तिच्यात होतं 'कमल'. झाशीजवळच्या मऊरानीपुर सेंटरच्या अकरा मुलींनी लिहिलं होतं, 'यह कमल नहीं, कोकाबेली है.'

"ग्यारह लड़कियाँ, एक ही गलत जवाब," सक्सेनाजी म्हणाले. "सामूहिक नकल है, और क्या!"

मी चित्र नीट पाहिलं. खरं सांगते, तोवर मीही नुसतीच की बघून मार्क देत होते. चित्रातलं पान पाण्यावर पसरलेलं होतं आणि देठापर्यंत चिरलेलं. कमळाचं पान अखंड गोल असतं. हे कुमुदिनीचं चित्र होतं. आमच्या भागात तिला कोकाबेली म्हणतात.

"मुली बरोबर आहेत," मी म्हणाले. घाईत मराठीच निघालं. मग हिंदीत म्हटलं, "गलती पेपर की है."

"अरे मॅडम, आम बोलचाल में सब कमल ही है!"

हे मात्र खोटं नव्हतं. आमच्या घरीही लक्ष्मीपूजनाला जे मिळेल त्याला कमळच म्हणत. म्हणून सही न करता मी उठले आणि सरळ शहरातल्या तलावावर, लक्ष्मी तालला गेले. तिथल्या देवळाबाहेर एक फुलवाली बसायची. तिच्या टोपलीत दोन्ही फुलं होती आणि खाली दोन्हींची ओली पानं.

"ये कौन सा है?" मी कोकाबेली उचलून विचारलं.

"कमल है, बाईजी."

"और ये?"

"वो भी कमल." मग ती हसली. "पूजा में सब कमल है. पर लगाने जाओ तो ये कोका है. गट्टा तो असली कमल में ही लगता है."

कमलगट्टा म्हणजे कमळाचं बी. जे लोक ते तलावात लावतात, काढतात आणि खातात, त्यांना दोन नावं लागतातच. त्या अकरा मुली अशाच घरांतल्या असणार. शहरात, नगरा मोहल्ल्यातल्या माझ्या घरी बसून मला एक पुरत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पानं घेऊन गेले. ट्रस्टचे सेक्रेटरीही आले होते. मी पानं टेबलावर ठेवली, चित्र शेजारी ठेवलं. सक्सेनाजींनी पानांकडे पाहिलंही नाही.

"चलो, फूल गलत सही. पर जवाब तो सबका एक है."

"नाम एक है. विशेषता सुनिए." मी एकेक उत्तरपत्रिका उघडून मोठ्यानं वाचू लागले. 'इसका पत्ता कटा है.' 'पत्ता पानी पर पड़ा रहता है, कमल का ऊपर उठता है.' 'इसमें गट्टा नहीं लगता.' 'कमल के पत्ते पर पानी नहीं टिकता, इसका भीग जाता है.' "नकल में ग्यारह बातें अलग-अलग कैसे आ गईं?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "आप साइन नहीं करेंगी?"

"नहीं. और की में सुधार लिखकर दीजिए, तभी बाकी पेपर जाँचूँगी."

"मॅडम, ज़िद कर रही हैं आप," सक्सेनाजी म्हणाले.

"जी हाँ."



रिपोर्ट फाडला गेला. कीमध्ये 'कुमुदिनी / कोकाबेली' हाताने लिहिलं गेलं. 'कमल'ही मान्य राहिलं, कारण प्रश्नातच घोळ होता. ते मला पटलं नाही, पण तिथे मी हरले. अकरापैकी चार मुलींना हॉस्टेल मिळालं.

पुढच्या वर्षी मला कोणी पेपर तपासायला बोलावलं नाही. मी मात्र माझ्या वर्गात त्या वर्षापासून एक नियम केला. विद्यार्थ्याचं उत्तर कीपेक्षा वेगळं असेल, तर लाल पेन उचलण्याआधी प्रश्न पुन्हा वाचायचा.