टंचाईत न बसलेला वकील

जिल्हा नवा झाला त्याच साली पाऊस गेला. मी तेव्हा एका दैनिकासाठी कोर्टाच्या बातम्या देत असे.

चाकूरकडच्या एका सालगड्याने शेजारच्या गावाला निघालेला सरकारी टँकर अडवला आणि नळी सोडून आपल्या गावातल्या बायकांच्या घागरी भरून दिल्या. सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल तो कोठडीत होता. जामिनाचा अर्ज करायला वकील नव्हता. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, असे कळल्यावर त्याची बायको मोफत कायदा मदतीच्या कार्यालयात आली.

कार्यालय म्हणजे एक टेबल आणि एक कारकून. कारकून भला होता. वकिलांसाठीचे अनुदान अजून जुन्या जिल्ह्याच्याच नावावर येते, असे त्याने सांगितले आणि तोडगाही काढला. त्या वर्षी पैसा फक्त टंचाईच्या नावाखाली सुटत होता. त्याने वकिलाची मागणी टंचाईत बसवून वर पाठवली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. या गावाची आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या वर आहे. सबब गावात टंचाई नाही. सबब वकील नाही.

कारकुनाने ते वाचून दाखवले, तेव्हा बाईने विचारले, "मंग माज्या मालकानं टँकर कशापायी अडवला, साहेब?"

कारकुनाने उत्तराची एक प्रत नियमाप्रमाणे कोर्टाला पाठवली. सरकारी वकिलाला पगार वेळेवर मिळत असे आणि तो कागद नीट वाचत असे. खटल्याच्या सुनावणीला त्याने हेच पत्र पुढे केले. गावात टंचाई नव्हतीच, तेव्हा आरोपीने पाणी निव्वळ दांडगाईने घेतले, असे त्याचे म्हणणे पडले. वकील मागण्याचा अर्ज असा आरोपीविरुद्ध पुरावा झाला.

टँकरच्या ड्रायव्हरची साक्ष झाल्यावर न्यायाधीशांनी आरोपीला विचारले, साक्षीदाराला काही विचारायचे आहे का. त्याने एकच प्रश्न विचारला.

"आमच्या गावावरून जाताना तहान लागली, तर पाणी कुठं पितोस, दादा?"

ड्रायव्हर सरकारी वकिलाकडे बघत म्हणाला, "टँकरमधलंच. तिथं कुठं पाणी हाय?"

न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. गुन्हा शाबीत धरला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. तो भिंतीला टेकून बसला, बायको दाराबाहेर. संध्याकाळी दोघे चाकूरच्या एसटीने गेले.

त्या दिवशी बोर्डावर आणखी सहा आरोपी होते. सगळ्यांना वकील होते. सगळ्यांना पुढची तारीख मिळाली.