बाव्हेलाच्या खिंडीतलं खोटं

फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर जायचं माझ्या नवऱ्याने ठरवलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी जाऊ, एवढंच मी म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे समुद्र, छत्री आणि पुस्तक होतं. त्याच्या डोळ्यांपुढे रस्ते होते. त्याला घाटांचं वेड. लग्नाआधी वरंध घाटात मोटरसायकलवर मागे बसवून त्याने मला इतकं घाबरवलं होतं की मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. लग्नानंतर लंडनजवळ हॅरोला आल्यावर तो म्हणायचा, "या देशात सगळं आहे, घाट सोडून." मग बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला सहा-सहा तास गाडी हाकत आम्ही उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत जायचो. तिथली एक अरुंद चढण चढायची, पलीकडे उतरायची, चहा प्यायचा आणि परत.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "तुझंही लायसन्स घे."

"मला कशाला? तू मला स्टिअरिंगला हात तरी लावू देणार आहेस का?"

"घे गं. असू दे."

अजाक्सिओच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेताना त्याने आपणहून दुसरी ड्रायव्हर म्हणून माझं नाव घातलं. मला त्याचं कौतुक वाटलं.

पहिल्या दिवशी आम्ही पियानाच्या लाल कड्यांमधून गेलो. खाली निळा समुद्र, वर तांबडे दगड, आणि मधे एक बस आली तर दोघांनी श्वास रोखून धरावा इतका अरुंद रस्ता. एका वळणावर माझ्या बाजूचा आरसा कड्याला घासला. "उजवीकडून चालवायची सवय नाही," तो म्हणाला. मलाही ते पटलं. इंग्लंडात इतकी वर्षं डावीकडून चालवल्यावर होणारच.

दुसऱ्या दिवशी व्हेर्जिओची खिंड. एव्हिसा गाव मागे पडलं की चेस्टनटची झाडं संपतात आणि उंच, सरळसोट पाइनचं जंगल सुरू होतं. तिथे डुकरं मोकळी फिरतात. एक अख्खं कुटुंब रस्त्याच्या मधोमध पसरलं होतं. त्याने लांबूनच पाहिलं, थांबला आणि खूप हसला. "बघ, सरपंच बसलेत पारावर," म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं ते शेवटचं हसणं.

पुढच्याच वळणानंतर उजव्या कडेने एक बाई चालत होती. साठीची असेल, पाठीवर मोठी सॅक, हातात काठ्या. मला ती स्वच्छ दिसत होती. तो जरा बाहेरून घेईल म्हणून मी वाट पाहिली. त्याने घेतलं नाही. मी ओरडले तेव्हा फार उशीर झाला होता. आरसा तिच्या सॅकला लागला, ती गर्रकन फिरली आणि कड्याच्या पायथ्याशी गवतात पडली.

मी धावले. तिचं कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. ती फ्रेंचमध्ये भराभर बोलत होती आणि मी इंग्रजीत सॉरी, सॉरी म्हणत तिची जखम धूत होते. आम्ही तिला डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर तिने नको म्हणून मान हलवली. उठून उभी राहिली, दोन पावलं चालून पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहत मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही."

तो गाडीतून उतरलाच नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ती बाई दिसेनाशी झाल्यावर मी आत बसले.

"तुला ती दिसली नाही?"

"नाही."

"एवढी मोठी बाई?"

"कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं. पाइपातून बघितल्यासारखं." मग थांबून म्हणाला, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. गेलेलं परत येत नाही."

"कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

तेव्हा सप्टेंबर चालू होता. मी बोटांवर महिने मोजले, खरंच मोजले, लहान मुलासारखे. सात.

"गाडी चालवू नको म्हणून सांगितलं होतं का?"

त्याने मान डोलावली. सांगितलं होतं. सात महिने तो रोज मोटरवेने स्लाऊच्या ऑफिसला जात होता. इस्टरला लीड्सच्या युनिव्हर्सिटीतून लेकीला त्यानेच आणलं होतं. मी मागच्या सीटवर झोपले होते. रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचा, तेही मी पाहिलं होतं. "स्क्रीनमुळे डोळे कोरडे पडतात," म्हणाला होता.

"का नाही सांगितलंस?"

"एकदा हे घाट करायचे होते. मग सांगणारच होतो."

"ती बाई मेली असती."

"माहितीये मला."

मी खाली उतरले, फिरून त्याच्या दाराशी गेले, दार उघडलं. तो मुकाट्याने उतरला. गाडीच्या कडेला हात लावत, चाचपत पलीकडे गेला. तो तसा चाचपत चालतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतके महिने एका घरात राहून मी ते पाहिलं नव्हतं. त्याचा राग जितका आला, तितकाच माझाही आला.

उरलेला प्रवास मी चालवला. पलीकडे कोर्ते गावाच्या दिशेने उतरताना मी सारखा ब्रेक दाबत होते. तो शेजारून हळू आवाजात सांगायचा, "सेकंडला टाक. ब्रेक दाबून धरू नकोस, तापतील." बरोबर सांगायचा. त्याच्याकडे न बघता मी तसंच करायचे.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचा जन्म हॅरोचा, मराठीही तसंच मोडकंतोडकं. "आई, डोंगर कशी आहे? बाबा खूप ड्राइव्ह करतो का?"

"मी चालवतेय."

"तू? सीरियसली? बाबाने दिला तुला?"

"हो, दिली," म्हटलं आणि फोन त्याच्याकडे दिला. तो तिच्याशी डुकरांबद्दल बोलला.

चौथ्या दिवशी समुद्रकाठच्या सोलेन्झाराहून बाव्हेलाला चढलो. याच खिंडीसाठी तो आला होता. आकाशात घुसलेले दगडी सुळके, वाऱ्याने वाकलेले पाइन. लॅपटॉपवर ते फोटो त्याने मला कितीदा दाखवले होते. पण वर पोचलो आणि ढगात शिरलो. मेरीचा पांढरा पुतळा आणि त्याच्या पायाशी लोकांनी ठेवलेल्या आभाराच्या छोट्या फरशा तेवढ्या दिसत होत्या. पलीकडे नुसतं पांढरं.

तो माझा दंड धरून उभा होता. बराच वेळ समोर पाहत राहिला. डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग विचारलं, "मला सगळं पांढुरकंच दिसतंय. तुला दिसतायत का सुळके?"

मी म्हटलं, "हो. स्पष्ट."

का म्हटलं, हे मी अजून स्वतःला विचारते. त्याची ट्रिप वाया गेली असं त्याला वाटू नये म्हणून, असं मी नंतर त्याला सांगितलं. ते खरं नाही. दोन दिवस माझ्या आत जे साठलं होतं ते त्या दोन शब्दांतून बाहेर पडलं. त्याला दुखावं असं मला वाटत होतं. आणि त्याला दुखलं. माझ्या दंडावरची त्याची पकड सैल झाली.

"कसे आहेत?" त्याने विचारलं.

आता मागे फिरणं शक्य होतं. मी फिरले नाही. फोटोत पाहिलेलं सांगितलं. उंच आहेत, करड्या रंगाचे, मधल्यावर ऊन पडलंय.

तेवढ्यात मागून एक जोडपं आलं. आमच्यासारखंच इंग्लंडहून आलेलं. बाई नवऱ्याला म्हणाली, "एवढं वर येऊन काय उपयोग झाला? ढगाशिवाय काहीच दिसत नाही." तो म्हणाला, "उद्या बघू."

ते माझ्या नवऱ्याने ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो गाडीकडे वळला आणि माझा हात न धरता, बुटाच्या टोकाने जमीन तपासत गेला.

आम्ही हॉटेलवर परतलो. खोलीत पलंगाच्या कडेला बसून बुटांचे बंद सोडताना म्हणाला, "तू हो म्हणालीस तेव्हा मला वाटलं, समोरचंही गेलं. संपलं सगळं."

"तूही सात महिने खोटं बोललास." मी म्हटलं.

"बोललो," तो म्हणाला. "मी भीतीने बोललो. तू कशाने?"

मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला. त्याने काढून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत.

हॅरोला परतल्यावर त्याने लायसन्स स्वतः पाकिटात घालून सरकारला परत पोस्ट केलं. गाडी विकली. ऑफिसने घरून काम करू दिलं. डोळ्यांतला दाब आता आटोक्यात आहे. जेवढं उरलंय तेवढं बरीच वर्षं टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. आम्ही भांडत नाही. मी त्या दिवसाबद्दल कितीतरी वेळा माफी मागितली. प्रत्येक वेळी तो म्हणतो, "अगं, सोड ना. मीच चुकलो होतो." खरंच त्याच्या मनात राग नाही. राग असता तर तो एक दिवस गेला असता.

गेल्या मंगळवारी त्याला डोळ्यांच्या हॉस्पिटलला न्यायचं होतं. आम्ही स्टेशनवर उभे होतो. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी आली. वरचा बोर्ड त्याला चटकन सापडत नाही, म्हणून मी वाचून सांगितलं, "फास्ट आहे. हीच आपली."

"बरं," तो म्हणाला. मग अर्धवट वळून शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्याने नम्रपणे विचारलं, "एक्स्क्यूज मी, ही फास्ट गाडी आहे का?"

तो माणूस हो म्हणाला. मग माझा नवरा गाडीत चढला. त्याच्या मागोमाग मी.