बोडीची दोन नावं

मुकुंदा गेल्याचं मला गांधीबागेच्या कापडबाजारात कळलं. मुलीसाठी कापड बघत होतो, तर शाळेतला शिपाई शोधत आला. "सर, मुकुंदा सर गेले जी..." मी त्याच्यावरच खेकसलो. परवाच तर आम्ही भांडलो होतो, आणि भांडण अर्धवट टाकून जाणाऱ्यांतला तो नव्हता. त्याला जाऊन आता महिना होऊन गेला.

धरमपेठेतल्या शाळेत तो भूगोल शिकवायचा, मी चित्रकला. साठ सालानंतर कधीतरी त्याला कुहीकडच्या गावांतल्या जागांची नावं लिहून ठेवायचं वेड लागलं. शेत, नाला, टेकाड, बोडी... धानाला पाणी द्यायला राखलेल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. दर रविवारी सायकली एसटीच्या टपावर टाकून आम्ही निघायचो. जागेवर उभं राहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा त्याचा नियम. गुडघाभर चिखलात हा वही उघडून उभा, आणि बांधावरून कोणी म्हातारा म्हणणार, "मास्तर, नाव काय पळून चाललं का जी?" नकाशे काढायचं काम माझ्या गळ्यात. मी कुरकुरायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

बारा वर्षांनी पुस्तक तयार झालं. छापखान्यात देण्याआधी खातरजमा करायला एका गावी गेलो. तिथं बौद्ध वस्तीला लागून, पिंपळाखाली एक बोडी होती. मुकुंदानं तिचं वहीतलं नाव मोठ्यानं वाचलं, तशी धुणं धुणारी एक बाई थांबली.

"हे नाव कोनं सांगतलं तुमाले?"

"पाटलांनी."

"थे त्याहीचं नाव. त्यात आमची जुनी जात हाये. दीक्षा घेऊन इतकी वर्सं झाली, आमी हिले पिपराची बोडी म्हनतो. आमाले काहून नाही इचारलं?"

मुकुंदानं तिथंच वहीत ते दुसरं नाव लिहून घेतलं. गावोगावी आम्ही पाटलाच्या ओट्यावर चहा घेतला होता, तिथूनच वाटाड्या मिळायचा, आणि तो वस्तीकडे कधी वळायचा नाही. आमच्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं. परतताना मुकुंदा म्हणाला, "सगळ्या गावांत पुन्हा विचारावं लागेल." मी भडकलो. "छापून टाक! लोक म्हणतात तेच लिहिलंस ना?"

"कोणते लोक बे?" तो म्हणाला. माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

पुस्तक राहिलं ते राहिलंच. तो एकेक गाव नव्यानं फिरला, आधी वस्तीत, मग पाटलाकडे. वहीत दोन रकाने झाले. शेवटचं भांडणही त्यावरूनच... एकच गाव उरलं होतं आणि त्याला दम लागत होता. मी म्हटलं, "पुरे कर आता." त्यानं ऐकलं नाही.

मागच्या रविवारी त्याची वही घेऊन त्या गावी मी एकटाच गेलो. वस्तीतल्या एका गृहस्थांनी टेकाडाचं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "हे तं माणसाईचं नाव झालं जी. आमी बाया याले येगळंच म्हनतो. आमाले काहून नाही इचारून राहिले?"

मला हसू फुटलं आणि रडूही आलं. तिथंच पट्टी काढून मी तिसरा रकाना आखला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, रेघ वाकडी गेली. चित्रकलेच्या मास्तराची रेघ वाकडी... मुकुंदानं वर्षभर छळलं असतं मला.