समुद्र वाडीत शिरला तेव्हा आम्ही जयपूरला होतो

बाबा रेल्वेत होते. त्यामुळे आमचं लहानपण जयपूरला, स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये गेलं. आईचं माहेर मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी, अगदी पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून असलेल्या वाडीत. आई लहान असताना एका वादळात समुद्र त्या वाडीत शिरला होता. आजोबांचा थोरला भाऊ त्यात गेला. तेव्हापासून आजोबांनी घरासाठी एक नियम करून ठेवला होता, आणि आम्ही मे महिन्यात आजोळी गेलो की पहिल्याच दिवशी आम्हा दोघी बहिणींनाही ते तो शिकवायचे.

नियम साधा होता. वाऱ्याचा आवाज बदलला, पाणी नको तिथे दिसलं, की सरळ सड्यावर जायचं. सडा म्हणजे वाडीच्या मागचं उंच, सपाट कातळाचं माळरान. तिथे जायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी होती. आजोबा आम्हाला त्या पायऱ्या चढायला लावायचे आणि मागून बजावायचे, "काही घ्यायचं नाही. कोणासाठी थांबायचं नाही. वर पोचलेल्याने पुन्हा खाली उतरायचं नाही. कोण आलं, कोण नाही, ते पाणी ओसरल्यावर बघू."

आजी खालून हसत म्हणायची, "म्हणजे मला टाकून जाणार म्हणा की!"

"तू तुझी यायचंस," आजोबा म्हणायचे.

त्या वर्षी धाकट्या बहिणीला गोवर येऊन गेला होता. खोकला जाईना. जयपूरच्या उन्हाळ्यात परत आणण्यापेक्षा शाळा सुरू होईपर्यंत तिला आजोळीच ठेवू, असं ठरलं. सहा वर्षांची होती. आई, बाबा आणि मी परतलो. ती पाखाडीपाशी आजोबांचं बोट धरून उभी होती आणि आम्हाला हात करायचंही विसरून खेकडे बघत होती.

जूनमधली दुपार होती. बाहेर लू चालली होती, म्हणून खिडक्यांवर ओले पडदे सोडले होते. आई तांदूळ निवडत रेडिओ ऐकत होती. बातम्यांत कोकण किनाऱ्यावर वादळ आदळल्याचं सांगितलं. रत्नागिरीचं नाव घेतलं, आणि पुढच्या वाक्यापासून क्रिकेट सुरू झालं. आईने रेडिओचा आवाज वाढवला, जणू मोठ्याने ऐकलं तर आणखी काही कळेल.

बाबा ड्यूटीवरून आले आणि तसेच परत स्टेशनात गेले. रेल्वेच्या फोनवरून मुंबई लागली, कोल्हापूरही लागलं. पण आमच्या कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती, त्यामुळे रेल्वेचा फोनही तिथे जात नव्हता. पोस्टात ट्रंक कॉल लावला. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. काउंटरवरचे बाबूजी दर थोड्या वेळाने मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "लाइन ही नहीं है, बहनजी. उधर से कोई उठाएगा कैसे?"

शेजारच्या भाभीजी फुलके घेऊन आल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. आईजवळ बसून त्या म्हणाल्या, "पानी ही तो है, उतर जाएगा." त्यांच्या मनात मायाच होती. पण आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या नुसती तिची पाठ चोळत राहिल्या.

बाबा दुसऱ्या दिवशी सवाई माधोपूरला गाडी बदलून मुंबईकडे निघाले. तिथून एस.टी. मिळेल तिथपर्यंत, पुढे पायी. आईलाही जायचं होतं. बाबा म्हणाले, "रस्ते तुटलेत. तुला घेऊन मी कुठे अडकू? पोरीकडे बघ." पोरगी म्हणजे मी. मी तिच्या पायात अडकलेली होते हे मला तेव्हाही कळलं.

मग आम्ही दोघी वाट बघत राहिलो. आई स्वयंपाक करायची, पण तिचं डोकं तिकडेच. पोळी तव्यावर टाकून मधेच म्हणायची, "तिला पाखाडी माहीत आहे, हो ना गं?"

"माहीत आहे."

"पायऱ्या उंच आहेत. पण आबा उचलून घेतील. आणि माझी आईसुद्धा वर जाईल. आबांनी किती वेळा सांगितलंय." आजोबांना ती आबा म्हणायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी दर वेळी 'हो' म्हणायचे. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. जवळच्या सोडाल्याच्या बाजारात लोक कलिंगडं निवडत होते, सायकली जात होत्या, आकाश पांढरं कोरडं होतं. कुठे पाणी चढलंय हे त्या गावात कोणाला सांगून पटलं नसतं.

बाबा आले ते बहिणीला कडेवर घेऊन. आजी मागून येत होती, तिच्या अंगावर कोणाचं तरी मोठं लुगडं होतं. आईने दारातूनच रस्त्याकडे पाहिलं. आणखी कोणी येत नव्हतं.

काय झालं ते बाबांनी सांगितलं. सकाळी वारा फिरला तेव्हा आजोबा नातीला घेऊन लगेच सड्यावर गेले. आजी विहिरीवर होती. ती देवळामागच्या दुसऱ्या वाटेने वर पोचली आणि पावसाच्या माऱ्यात बायकांबरोबर तिथल्या शाळेच्या पडवीत शिरली. आजोबांनी तिला माळावरच्या लोकांत शोधलं. दिसली नाही. नातीला शेजारणीच्या हाती देऊन ते पाखाडी उतरले. ते उतरल्यावर आजी पडवीतून बाहेर येऊन नातीपाशी पोचली. त्यानंतर लाट आली. त्यांना किनाऱ्यावरच्या माडांपाशी शोधून काढलं ते दोन दिवसांनी.

आई म्हणाली, "ते नाही उतरणार. तेच तर सांगायचे."

बहीण बाबांच्या खांद्यावरून बोलली. तिचं मराठी आमच्यासारखंच, अर्धं हिंदी. "आजोबा नीचे से आवाज देत होते. आजीचं नाव घेत होते. मी आणि आजी दोघी ओरडलो, इकडे आहे, इकडे आहे! पण हवा इतकी होती ना, मतलब त्यांना ऐकूच नाही गेलं."

आजीने पदर तोंडात धरला. आई मोठ्याने रडू लागली; तोवर मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

आजी आमच्याकडे राहिली ती दिवाळीपर्यंत. उन्हात बसायची नाही, खायची थोडं. कधी मला जवळ घेऊन विचारायची, "मी आधी माळावर उभी राहिले असते तर?" आई सांगायची, "पाऊस होता, तू आडोशाला गेलीस. सगळे जातात." आजी मान हलवायची. पुन्हा दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न.

मग एकदा तिने परत जायचं काढलं. सड्यावर शाळेशेजारी कोणी खोली देत होतं.

"तिथे कोण आहे आता तुझं?" आई म्हणाली.

"इथे तुम्ही आहात, ते कळतं गं मला. पण माझं मन लागत नाही. समुद्र दिसला नाही तर तो काय करतोय हे कळत नाही, त्याचीच भीती जास्त वाटते."

आईने हट्ट केला, रागावली, अबोला धरला. शेवटी तिनेच आजीची वळकटी बांधली, वाटेसाठी दशम्या केल्या. बाबा पोचवायला गेले. गाडी हलली तेव्हा आई खिडकीच्या गजाला धरून चालत होती आणि सांगत होती, "वर राहा. काही झालं तरी खाली उतरू नकोस." आजी 'हो हो' म्हणत होती. प्लॅटफॉर्म संपत आला, मी आईचा दंड धरून तिला मागे ओढलं.