खंडेनवमीला विसावलेल्या दहा रायफली

श्रीगजाननाला आणि वाग्देवी शारदेला प्रथम वंदन करून, आणि जिच्या हातातल्या आयुधांनी भक्ताला कधी भय वाटत नाही त्या जगदंबेचे स्मरण करून, आज खंडेनवमीच्या निमित्ताने हे चार शब्द लिहावयास बसलो आहे. देवापुढच्या पाटावर पूजेसाठी अडकित्ता, विळी आणि कन्येची शिवणकात्री मांडली आहे. त्यांच्या शेजारी निशाणाचा एक कागद आहे. त्यावर काळी वर्तुळे आहेत. छिद्र मात्र एकही नाही. हा कागद शस्त्रांच्या पंक्तीला कसा, असे दर वर्षी कोणीतरी विचारते. त्याचे उत्तर एकदा लिहून ठेवावे, अशी कन्येची आज्ञा झाली आहे.

नव्वदचे दशक सरत आले होते. पाठशाळेतून निवृत्त होऊन मी कुवेतमध्ये, सलवा भागात, कन्येकडे राहावयास गेलो होतो. जावईबापू शुऐबा येथे एका अमेरिकन ठेकेदाराकडे वेल्डिंगचे जोड तपासण्याचे काम करीत. त्यांचा करार महिनाअखेरीस संपत होता. मुदतवाढीचा कागद तयार होता, केवळ साहेबाची सही व्हावयाची होती, आणि साहेब दहा दिवस "कोर्स झाल्यावर बघू" एवढेच म्हणत होता. सही न झाली तर तिथल्या वास्तव्याचा परवाना संपणार होता, नातीची शाळा वर्षाच्या मध्येच सुटणार होती आणि कन्येने मोठ्या कष्टाने कुंडीत जगवलेला कढीलिंब कोणालातरी देऊन टाकावा लागणार होता. घरात दुसऱ्या कशाची चर्चा नव्हती.

हा कोर्स म्हणजे साहेबाचे व्रतच होते. तो पूर्वी सैन्यात होता. गुरुवार-शुक्रवार ही तिकडची त्या काळची सुट्टी. त्या दोन दिवसांत वाळवंटातल्या एका नेमबाजीच्या मैदानावर आपल्या माणसांना रायफल चालवावयास शिकवावी आणि मधल्या वेळात आपल्या देशाचा इतिहास सांगावा, असा त्याने संकल्प केला होता. त्यासाठी दहा विद्यार्थी हवे होते. नऊ मिळाले.

"बाबा," जावईबापू जेवताना खाली मान घालून म्हणाले, "तुमचं नाव दिलंय."

"कशात?"

"रायफलमध्ये."

"त्यांना सांगा, मला डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

"सांगितलं. ते म्हणाले, डावा डोळा तसाही मिटायचाच असतो."

कन्येने माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला, त्यावरून निर्णय झाल्याचे मी ओळखले.

गुरुवारी सकाळी आम्ही मैदानावर पोहोचलो. मालवणकडचा एक वेल्डर, जावईबापू, मी आणि सात तमिळ फिटर. साहेब उंच, लालबुंद आणि अत्यंत विनयशील होता. मला तो "सर" म्हणे. त्याने प्रथम नियम सांगितले. रायफल सतरंजीवर उघडी ठेवावयाची, ती रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्या पोटात पिवळी पट्टी घालावयाची, आणि आज्ञा होईपर्यंत तिला कोणी शिवावयाचे नाही. चुकून बोट लागले तरी सर्वांनी मागे सरावयाचे. मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. इतके कडक सोवळे मी पाठशाळेच्या स्वयंपाकघरानंतर कुठे पाहिले नव्हते.

पुढे त्याने पालथे पडावयास सांगितले. मी साष्टांग नमस्कार घातला. तो म्हणाला, हात असे नव्हे. मग श्वास अर्धा सोडून तिथेच थांबवावा, असे त्याने शिकविले. हे मात्र माझे नित्याचे होते. मी कुंभक केला आणि आत जप सुरू केला. थोड्या वेळाने पाहतो तो साहेब माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून माझ्या नाकासमोर तळहात धरून होता.

"सर? सर!"

"बाबा, गोळी झाडा," जावईबापू पलीकडून कळवळून म्हणाले, "त्यांना वाटतंय तुम्ही गेलात."

मी दहाही गोळ्या झाडल्या. कागद आणावयास गेलो तेव्हा माझा कागद दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. शेजारी वेल्डर आपला कागद सूर्याकडे धरून मोजत उभा होता.

"गुरुजी, माका गोळये धाच गावले. कागदार भोकां सतरा! ही खंयची विद्या?"

"देवाची कृपा," मी म्हणालो.

"तसा न्हय, गुरुजी, ती तुमची कृपा. तुमी माझ्या कागदार नेम धरलास."

साहेबाने नियमाप्रमाणे वेल्डरला उत्तम नेमबाज ठरवून टाळ्या वाजविल्या आणि माझा कागद घडी करून सन्मानपूर्वक माझ्या हाती ठेवला.

दुपारी कनातीच्या सावलीत इतिहास सुरू झाला. साहेब मन लावून सांगे आणि जावईबापू भाषांतर करीत. बोस्टन नावाच्या बंदरात लोकांनी कराच्या रागाने चहाच्या पेट्या समुद्रात ओतल्या.

"दूध नाय, साकर नाय, खाऱ्या पाण्यात चाय?" वेल्डर म्हणाला. "मगे भांडण होतलांच."

नंतर एप्रिलच्या एका रात्री घोडेस्वार निघाले, राजाचे सैन्य येत असल्याची वर्दी देत गावोगाव शेतकऱ्यांना जागे करीत गेले, आणि पहाटे एका गावच्या पटांगणात ते शेतकरी बंदुका घेऊन उभे राहिले. मी विचारले, त्या रात्री तिथी कोणती होती? साहेब गोंधळला. एवढेच म्हणाला की, पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले असावेत, चंद्र उशिरा उगवला होता. मी बोटांवर मोजून सांगितले, "म्हणजे कृष्णपक्षातली तृतीया-चतुर्थी. तृतीया असली तर शुभकार्याला बरी." त्याने वही काढून ते लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ही गोष्ट मी साहेबाला सांगितली नव्हती, कारण सणाची तिथी कोणाला सांगावी लागते हेच माझ्या मनात आले नाही. शुक्रवारी परीक्षा होती आणि परीक्षेनंतर सही. मी पूजेचे तबक पिशवीत घेऊन गेलो. साहेब दूर निशाणे टाचत होता. मी जावईबापूंना म्हणालो, "शस्त्रांना हात लावण्याची अनुज्ञा विचारा."

जावईबापूंनी संकोचाने ओरडून विचारले, "सरांना रायफली जवळून पाहायच्या आहेत!" साहेबाने आनंदाने हात हलविला.

मी दहाही रायफलींना गंध लाविले, कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि प्रत्येकीच्या दस्त्यावर झेंडूचे एकेक फूल ठेविले. तमिळ फिटरांनी चपला काढल्या. त्यांच्यातल्या एकाने खिशातून कापूर काढला. त्यांच्या गावीही या दिवशी आयुधांची पूजा करून त्यांना विश्रांती देतात, हे मला तेव्हा कळले.

साहेब परतला. पहिल्या रायफलीच्या उघड्या पोटात त्याने डोकावून पाहिले आणि चिमट्याने एक दाणा बाहेर काढला.

"तांदूळ?"

"अक्षता," मी म्हणालो.

त्याचे तोंड आणखी लाल झाले. तरी आवाज न चढविता त्याने दहाही रायफली पुसावयास घेतल्या. तेव्हा मी नम्रपणे निवेदन केले की, पुसल्या तरी आज त्या चालविता येणार नाहीत. आमच्या घरची रीत अशी आहे की, खंडेनवमीला पूजिलेले शस्त्र दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हालवावयाचे नाही. जावईबापूंनी हे भाषांतर करताना तीन वेळा घाम पुसला.

साहेबाने सर्वांना जागेवर पालथे पडण्याची आज्ञा दिली. सर्व पडले. त्याने भरण्याची आज्ञा दिली. दहाही जणांनी पालथ्यापालथ्याच हात जोडले.

"काल तुम्हीच सांगितलेत," मी मान वर करून म्हणालो, "त्या गावच्या पटांगणात शेतकरी बंदुका घेऊन उभे होते, आणि समोरून गोळी आल्याखेरीज आपण झाडू नये, असे त्यांना बजावलेले होते. आम्ही तेच करतो आहोत."

"पण इथे समोर कोण आहे?"

वेल्डरने नीट पाहून सांगितले, "कागद आसत. गप आसत."

साहेब जावईबापूंसमोर जाऊन उभा राहिला. त्याने विचारले, "मी तुला हुकूम दिला, तर झाडशील?"

मला सही आठवली, नातीचे दप्तर आठवले, कुंडीतला कढीलिंब आठवला. हे सगळे माझ्या पिशवीतल्या तबकाने घालविले असे वाटून मी डोळे मिटले.

"नाही, साहेब," जावईबापू म्हणाले, "पूजा झाली आहे."

"मी तुझा साहेब आहे."

"तुम्ही सांगता म्हणून मी जोडसुद्धा पास करत नाही," जावईबापूंच्या तोंडून निघून गेले, आणि ते स्वतःच दचकले.

"खरां आसा," वेल्डर आपल्या सतरंजीवरून म्हणाला. "माझे तर केदवाच करीत नाय."

मग साहेब गोळ्यांच्या पेटीवर बसला आणि म्हणाला, बरे, मग परीक्षा इतिहासाचीच होईल. कालची गोष्ट कोण सांगतो? मी उठून बसलो. आयुष्यभर ऐकलेले पाठ करण्यापलीकडे मला काही येत नव्हते. आरंभी देशकालाचा उच्चार करून मी त्या रात्रीचे कीर्तन मांडले: घोडेस्वारांच्या वाटा, घंटांचे नाद, कृष्णपक्षातला तो उशिराचा चंद्र. फिटर टाळ्यांचा ठेका धरून होते. साहेबाला एक शब्द कळत नव्हता, पण गावाचे नाव आले की तो मान डोलवी. शेवटी मी त्याला आरतीचे तबक दिले. त्याने ते कुठे ठेवावे हे न कळून तसेच हातात धरून ठेवले.

दुपारी त्याने गाडीतून तो मुदतवाढीचा कागद आणला, जावईबापूंच्या पाठीवर ठेवून सही केली आणि म्हणाला, "दोन वर्षे. आणि त्या वेल्डरचे जोड यापुढेही असेच तपास." त्याच्या अंगठ्याला कुंकू होते. सहीशेजारी त्याचा लखलखीत लाल ठसा उमटला.

रविवारी कुवेत सिटीत कंपनीची सरकारी कागदपत्रे करणाऱ्या मंदूबने तो ठसा पाहिला. साहेबाला लिहिता येत नसावे, असा दयाळू समज करून घेऊन त्याने ठशाभोवती आणखी एक शिक्का मारला, म्हणजे कागद पक्का झाला. दोन वर्षांनी कढीलिंब कुंडीत मावेनासा झाला.

हे वाचणाऱ्या आपणास आणि आपल्या घरातील लहानथोरांस जगदंबा निरामय ठेवो. आपल्या घरची आयुधे फक्त भाजी चिरोत, कापड बेतोत आणि वर्षातून एक दिवस फुलाखाली स्वस्थ निजोत. शुभं भवतु.