विहिरीतली मेथी

आमच्या विहिरीत एक कासव राहत असे, आणि त्याला मेथी आवडते हे मला माहीत नव्हते.

(पाणी स्वच्छ राहावे म्हणून वडिलांनीच ते सोडले होते. पुढे त्याने मलाच साफ केले!)

माझे नुकतेच लग्न झाले होते. सासरेबुवा मंगरूळपीरहून पहिल्यांदाच आमच्या धनजला येणार, तेही भर वैशाखात! आणि बायको माहेरी छाती ठोकून सांगून आलेली, "आमच्या घरी वैशाखातबी हिरवी भाजी असते!" बाजार रविवारचा, पाहुणे बुधवारचे. मधल्या उन्हात भाजीच काय, माणसेही वाळत होती.

"ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाखाली ठेवू द्या," बायको म्हणाली. "माही आई तसंच करते."

"फडकं? मंग घरची विहीर कायले आहे?" मी गरजलो. मेथी आणि सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) टोपलीत रचून मी ती दोराने विहिरीत सोडली. पाण्यापासून हातभर वर! दुसऱ्या दिवशी वाटले, आणखी थोडा गारवा हवा. सोडली वीतभर खाली. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर, पार पाण्याला टेकेपर्यंत! (गारव्याची हाव फार वाईट.)

बुधवारी सासरेबुवांना मी थेट विहिरीवरच नेले. दोर ओढतो तर टोपली हलता हलेना!

"पाहा मामाजी, गारव्यानं भाजी कशी भरली!"

"जवाईबापू, मेथी ठेवली का गोटे?"

टोपली काठावर आली. आत मेथीच्या चार काड्या, आणि त्यांवर ऐसपैस बसलेले कासव, तोंडाला सांबार लावून! त्याने सासरेबुवांकडे असे पाहिले, जणू तेच बिनबोलावता आले होते.

बायको मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले. माहेरी दिलेला तिचा शब्दच कासवाने खाल्ला होता!

सासरेबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रडून राह्यली वं? तू खरंच सांगतलं. या घरी वैशाखात हिरवी भाजी असते. ते कोन खाते, हे मीच इचारलं नोतं!"

त्या दिवशी सगळ्यांनी पिठलं-भाकर खाल्ली. (कासव सोडून. त्याचे आधीच झाले होते.)

पुढे मी सासरी गेलो, की सासूबाई ताटात मेथी वाढत आणि दाराकडे पाहत काळजीने विचारत, "एकलेच आले जवाईबापू? विहिरीतल्या भावाले नाई आनलं संगं?"

मी मान आत ओढून घेई.